निळे अंगण

हॉकी हा शब्द आमच्या पिढीच्या कानी पडला तो मैदानावरच्या धुळीसह. १९२८ ते १९५६ या काळात भारताने ओळीने मिळवलेली सहा ऑलिंपिक सुवर्णपदके शाळेत आम्हांला पाढ्यांसारखी पाठ असत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील विजयी संघाचे गोलरक्षक लिओ पिंटो हे मुंबईच्या मैदानांवर खेळलेले. त्यांचे नाव आमच्या घरांतून जरा अधिकच अभिमानाने घेतले जाई. तेव्हा हॉकी म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, अशी आमची समजूत होती. कॅनडात ती टिकली नाही. तेथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. आपल्या हॉकीचा उल्लेख करायचा तर तिला ‘मैदानी’ असे विशेषण जोडावे लागते. आपल्या आजीचे नाव सांगितले आणि समोरच्याने ‘कोणती आजी?’ असे विचारले, तर जसे वाटेल तसे आम्हांला प्रथम वाटले.

२०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता मुलीकडे मिसिसागा येथे गेलो. टोरांटोला खेटून असलेले हे शहर. वसई सोडून सहा महिने राहण्याची ही आमची पहिलीच वेळ. दुपारी चार-साडेचारला अंधारून येई, रस्त्यावर माणूस दिसत नसे, आणि घराच्या तळमजल्याखालच्या खोलीत मात्र शनिवारी रात्री माणसांची दाटी होई. ही खोली म्हणजे आमच्या जावईबुवांचा दरबार. दूरदर्शन संचासमोर एक जुना कोच, चार घडीच्या खुर्च्या, खाण्यापिण्याचे ताट, आणि त्याभोवती जमलेली पॅरिशमधील मंडळी. बॅंकेत काम करणारे एक गोवेकर गृहस्थ, रुग्णालयातील एक फिलिपिनो परिचारक, जावईबुवांचे दोन सहकारी, आणि या सर्वांचे अध्यक्षस्थान आपोआप ज्यांच्याकडे गेले होते असे शेजारचे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. हे मूळचे अमेरिकेतील बफेलोचे, निवृत्त बसचालक. बफेलो हे ओंटारिओ सरोवराला वळसा घालून दोन तासांवर. लग्नानंतर ते कॅनडात स्थायिक झाले, परंतु निष्ठा बफेलोच्या संघापाशीच ठेवून आले. आम्ही त्यांना बफेलोचे आजोबा म्हणू लागलो आणि तेच नाव घरात रूढ झाले.

पहिले काही शनिवार आम्हांला चेंडू दिसलाच नाही. मग कळले की चेंडू नसतोच. कडक रबराची, इंचभर जाडीची आणि तीन इंच व्यासाची काळी चकती असते. ती आधी गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने ती सहा फूट रुंद आणि चार फूट उंच अशा जाळ्याकडे येते, आणि त्या जाळ्यासमोर अंगभर गाद्या बांधलेला एक मनुष्य उभा असतो. त्याच्या पायाखालचा बर्फाचा तुकडा निळ्या रंगाने रंगवलेला असतो. आमच्या नातवाने तो आम्हांला बोटाने दाखवला आणि म्हणाला, “आजोबा, हे गोलरक्षकाचे अंगण.” शब्द त्यानेच योजला. घरी मराठी बोलायचे हा त्याच्या आईचा दंडक असल्यामुळे जे शब्द त्याच्यापाशी आहेत, त्यांतूनच तो काम भागवतो. आम्हांला तो इतका आवडला की पुढे त्या खोलीतील इंग्रजी वादविवाद आम्ही मनातल्या मनात याच शब्दाने समजून घेऊ लागलो.

वाद असे तो या अंगणाचाच. गोलरक्षकाला अडथळा झाला की नाही, हा तेथील रसिकांचा न संपणारा विषय. आपल्याकडे पायचीतच्या निर्णयावरून जशी गल्लीत दोन तट पडतात, तसेच हे. नियम वाचावा तर तो मोठा समंजस वाटतो. आक्रमक खेळाडूने आपल्या उभे राहण्याने किंवा धक्क्याने गोलरक्षकाला त्याच्या अंगणात मोकळेपणी हालचाल करू दिली नाही, तर गोल बाद. जाणूनबुजून धक्का दिला, तर तो अंगणात असो वा अंगणाबाहेर, गोल बाद. परंतु अंगणाबाहेर ओघात स्पर्श झाला आणि तो टाळण्याचा वाजवी प्रयत्न त्या खेळाडूने केला असेल, तर गोल ग्राह्य. त्याला गोलरक्षकाच्याच सोबत्याने ढकलले असेल, तरी पंच पाहतात ते हेच, की टाळण्याचा वाजवी प्रयत्न त्याने केला का. आता हा ‘वाजवी प्रयत्न’ मोजायचा कसा? बर्फावर, पायांत पोलादी पाती बांधून, वाऱ्याच्या वेगाने येणारा मनुष्य किती वाजवी थांबू शकतो? या एका शब्दावर आमच्या देखत कित्येक शनिवारच्या रात्री सरल्या.

बफेलोच्या आजोबांची एक जुनी जखम होती, आणि नवा श्रोता मिळाला की ती उघडी करण्यास ते चुकत नसत. १९ जून १९९९ चा दिवस. स्टॅनले चषकाच्या अंतिम मालिकेतील सहावा सामना बफेलोत चालला होता. डॅलसचा संघ तीन विरुद्ध दोनने पुढे. सामना बरोबरीत अडकला, एक जादा सत्र गेले, दुसरे गेले, आणि तिसऱ्या जादा सत्रात मध्यरात्र उलटून गेल्यावर डॅलसच्या ब्रेट हल यांनी गोल केला. बफेलोचे गोलरक्षक डॉमिनिक हाशेक जमिनीवर आडवे झाले होते, आणि हल यांचा डावा पाय निळ्या अंगणात होता. त्या हंगामात नियम फार कडक होता. चकती आधी आत आल्याखेरीज आक्रमकाचा पाय अंगणात दिसला की गोल बाद होई, आणि वर्षभर कित्येक गोल असे अंगठ्याएवढ्या अतिक्रमणासाठी पुसले गेले होते. या रात्री मात्र गोल राहिला. चकतीवर हल यांचा ताबा अखंड होता, म्हणून गोल नियमात बसतो, असा खुलासा नंतर करण्यात आला. निर्णय कळेपर्यंत बर्फावर विजेत्यांचे नातलग आणि छायाचित्रकार यांची गर्दी झाली होती. ती परत कोण पाठवणार? पुढच्या हंगामापासून तो कडक नियमच काढून टाकण्यात आला.

“नियम काढला, याचा अर्थ काय?” आजोबा विचारीत. “त्यांनाच तो नकोसा झाला होता. मग त्या रात्री आमचे काय?” या प्रश्नाला उत्तर नसे. त्यानंतरची पंचवीस वर्षे बफेलोला तो चषक लाभला नाही. तेथे ‘गोल नव्हताच’ हे दोन शब्द नुसते उच्चारले की लोकांना पुढचे सांगावे लागत नाही.

टोरांटोकरांचीही अशी एक जखम आहे. २७ मे १९९३ रोजी लॉस एंजलिस येथे उपांत्य मालिकेच्या सहाव्या सामन्यात वेन ग्रेट्झकी यांची स्टिक टोरांटोच्या डग गिल्मर यांच्या हनुवटीला लागून रक्त आले. पंच केरी फ्रेझर यांना ते दिसले नाही, त्यांच्या साहाय्यकांनाही दिसले नाही. शिक्षा झाली नाही, आणि थोड्याच वेळात ग्रेट्झकी यांनीच विजयी गोल केला. दोन दिवसांनी टोरांटोचा संघ स्पर्धेबाहेर गेला. हे फ्रेझर मोठे ऐटबाज. त्यांच्या चापूनचोपून बसवलेल्या केसांची बट सामन्याच्या अखेरपर्यंत हलत नसे, म्हणून विनोद होत. पण पुढे त्यांनी आपल्या हातून तो प्रसंग सुटला हे मोकळेपणी मान्य केले. जावईबुवा म्हणत, “चूक झाली असे ते म्हणाले, त्यामुळे आता त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही.”

आता असे होऊ नये म्हणून पुष्कळ व्यवस्था झाली आहे. २०१५-१६ च्या हंगामापासून प्रशिक्षकाला निर्णयाला आव्हान देता येते. २०१८ च्या मार्चपासून अडथळ्याचा अंतिम निर्णय बर्फावरील पंचांकडून काढून टोरांटोतील एका खोलीकडे सोपवला गेला आहे. तेथे पडद्यांच्या भिंतीपुढे जाणकार मंडळी बसतात, त्यांत निवृत्त पंचही असतात. आव्हान फसले तर संघाचा एक गडी दोन मिनिटे बाहेर, पुन्हा फसले तर चार मिनिटे, असा दंडही २०१९ पासून लागू झाला. इतके करूनही वाद कमी झाले का? आमच्या खोलीत तरी नाही. पूर्वी एका पंचाशी भांडावे लागे, आता एका खोलीशी, एवढाच फरक.

या खेळाच्या गप्पांत नियम जितके, तितकीच माणसे. आणि कशी माणसे! मॉन्ट्रियलचे जाक प्लांत १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये चकतीने चेहरा फुटल्यावर टाके घालून परतले ते मुखवटा चढवूनच. प्रशिक्षकांना ते पसंत नव्हते, कारण मुखवटा म्हणजे भित्रेपणा अशी तेव्हाची समजूत. हेच प्लांत फावल्या वेळात लोकरीच्या टोप्या विणीत. त्यांच्या काळातले गम्प वर्स्ली विमानाला भीत आणि चकतीला भीत नसत. त्यांनी मुखवटा घातला तो कारकिर्दीच्या अगदी अखेरीस, १९७४ साली. पात्रीक रुवा गोलच्या खांबांशी बोलत. खांबांनी कितीदा तरी आपल्याला वाचवले आहे, तेव्हा त्यांच्याशी दोन शब्द बोलणे हा त्यांच्या लेखी सौजन्याचा भाग होता. २००८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या शॉन एव्हरी यांनी तर कमाल केली. खेळाकडे पाठ करून ते गोलरक्षक मार्टिन ब्रोडर यांच्या तोंडासमोर हात आणि स्टिक नाचवीत उभे राहिले. स्पर्श नाही, धक्का नाही. नियमात बसेल असा शब्दच सापडेना. दुसऱ्याच दिवशी हे वर्तन शिक्षेस पात्र असल्याचे जाहीर करावे लागले. गोवेकर गृहस्थ म्हणाले, “कायदा नेहमी मूर्खपणाच्या एक दिवस मागे असतो.”

सर्वच रंग सुखाचे नसतात, हेही या गप्पांत कळले. डॉन चेरी हे भडक नक्षीच्या कोटांसाठी प्रसिद्ध असलेले भाष्यकार. सदतीस वर्षे ते शनिवारच्या सामन्यांच्या मध्यंतरात बोलत आले. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांनी मिसिसागा आणि टोरांटोचे नाव घेऊन, बाहेरून आलेले लोक युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ कोटावर लाल फूल लावीत नाहीत, अशा अर्थाची टीका केली. दोन दिवसांनी त्यांना त्या कामावरून दूर करण्यात आले. आमची मुलगी तेव्हा घरातच होती. ती सांगते, “पप्पा, त्या वर्षी आम्ही तिघांनीही फूल लावले होते. तरी मला वाटले, उठून आपला कोट त्यांना दाखवावा.” त्याच कार्यक्रमाची पंजाबी आवृत्ती २००८ पासून निघाली, आणि हरनारायण सिंग यांचे पंजाबी समालोचन ऐकण्यासाठी पंजाबी न समजणारेही तो लावतात. २०१६ च्या अंतिम मालिकेत त्यांनी एका खेळाडूचे नाव ज्या उत्साहाने लागोपाठ उच्चारले, त्याची नक्कल आमचा नातू अजून करतो. ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्या सीमा कोण कशा आखतो, हे पाहण्यासारखे आहे.

येथवर सर्व गंमतीचे होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मात्र हा वाद तळघरातून वर आला आणि आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसला.

आमचा नातू बारा वर्षांचा, आणि त्याच्या संघाचा गोलरक्षक. या वयाच्या मुलांनी एकमेकांना अंगाने धडक देण्यास २०१३ पासून कॅनडात मनाई आहे. पण मनाई असली म्हणून बर्फ कमी निसरडा होत नाही. शनिवारी सकाळी चाललेल्या सामन्यात विरुद्ध संघाचा एक मुलगा वेगाने येऊन नातवावर आदळला. दोघेही जाळ्यासकट मागे गेले. चकती आत होती. पंचांनी गोल दिला नाही, परंतु तिकडे कोणाचेच लक्ष नव्हते. नातवाचे हासळीचे हाड मोडले होते. रुग्णालयात हात गळ्यात बांधून दिला आणि सहा आठवडे खेळ बंद, असे सांगितले.

तो मुलगा परका असता, तर गोष्ट तेथेच संपली असती. तो चार घरे पलीकडचा. त्याचे आईवडील आणि आमची मुलगी-जावई एकाच चर्चमध्ये, बहुधा एकाच बाकाच्या आगेमागे बसणारे. पहाटे पाचला रिंकवर पोहोचायचे असे, तेव्हा दोन्ही मुलांना एका गाडीतून नेण्याची पाळी दोघे बाप आळीपाळीने सांभाळीत. त्या दिवशी संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला. “तुमच्याच गड्याने आमच्या मुलाला मागून ढकलले,” एवढे ते बोलले, आणि जावईबुवांनी फोन ठेवला. चौकशीच्या आधी सफाई आली, याचा त्यांना राग आला. त्या दिवसापासून दोन गाड्या दोन वाटांनी जाऊ लागल्या.

एका पालकाने तो प्रसंग आपल्या फोनवर टिपला होता. ती बारा सेकंदांची चित्रफीत आमच्या घरी किती वेळा पाहिली गेली असेल, याची गणती नाही. प्रथम नेहमीच्या वेगाने, मग निम्म्या, मग त्याहून संथ. नेहमीच्या वेगात तोल गेलेला एक मुलगा दिसे. संथ केली की त्याच मुलाचा हात पुढे येताना दिसे, जणू तो बेत करून आला आहे. मागून ढकलणारा गडी होता, पण त्याचा स्पर्श किती जोराचा हे कोणत्याच वेगात कळत नव्हते. आमच्या मुलीने यावर एक मार्मिक गोष्ट सांगितली. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी याचाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकच कृती संथ गतीने दाखवली, तर ती जाणूनबुजून केली असे मानण्याकडे पाहणाऱ्यांचा कल वाढतो. कारण पडद्यावर वेळ लांबतो, आणि करणाऱ्यालाही विचार करायला तेवढाच वेळ होता असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्यापाशी अर्धा क्षणही नसतो. जावईबुवांनी ऐकून घेतले आणि पुन्हा चित्रफीत लावली.

विभूती बुधवार त्या वर्षी १४ फेब्रुवारीला आला. चर्चमध्ये राखेसाठी रांग लागली होती. दोन्ही कुटुंबे एकाच रांगेत, मध्ये सहा-सात माणसे. कपाळावर तीच राख, तेच शब्द. बाहेर पडताना मात्र एकमेकांकडे न पाहण्याची कसरत दोघांनीही केली. आम्हांला ते पाहवले नाही. पण पाहुण्याने यजमानाच्या घरात किती बोलावे, यालाही एक निळी रेषा असते. आम्ही गप्प राहिलो.

त्या शनिवारी तळघरात मंडळी जमली, पण सामना कोणी मनापासून पाहत नव्हते. जावईबुवांनी चित्रफीत मोठ्या पडद्यावर लावली आणि बफेलोच्या आजोबांना निवाडा विचारला. आम्हांला वाटले, आता १९९९ चा पाठ सुरू होणार. आजोबांनी एकदाच पाहिली. मग म्हणाले, “हे पाहा, माझी चित्रफीत मी पंचवीस वर्षे पाहतो आहे. पाय दर वेळी तेथेच असतो. तो हललेला नाही, आणि मीही नाही.” थोड्या वेळाने पुढे म्हणाले, “माझा भांडणारा डॅलसमध्ये राहतो, म्हणून मला हे परवडले. तुझा चार घरांवर आहे.”

मग त्यांनी दोन धर्मगुरूंच्या गोष्टी सांगितल्या. त्या आम्ही प्रथमच ऐकत होतो. फादर डेव्हिड बाउअर हे बॅसिलियन संघाचे धर्मगुरू. टोरांटोच्या सेंट मायकल विद्यालयाच्या संघाला त्यांनी १९६१ चा मेमोरियल चषक जिंकून दिला, आणि पुढे कॅनडाचा राष्ट्रीय संघ उभा केला. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या एका खेळाडूने फेकलेली मोडकी स्टिक त्यांच्या कपाळावर बसून रक्त आले. कॅनडाचे खेळाडू उसळून उठले. फादरांनी त्यांना बाकावरून उठू दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या खेळाडूला बोलावून आपल्याशेजारी बसवले आणि दोघांनी मिळून दुसऱ्या दोन संघांचा सामना पाहिला. त्या वर्षी कॅनडाला पदक मिळाले नाही. लोकांनी लक्षात ठेवले ते शेजारचे आसन.

दुसरे फादर लेस कॉस्टेलो. हे १९४८ मध्ये टोरांटोच्या चषकविजेत्या संघात होते. भर उमेदीत, १९५० साली, त्यांनी व्यावसायिक खेळ सोडून सेमिनरीची वाट धरली. १९५७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पण स्केट्स त्यांनी टांगून ठेवले नाहीत. १९६३ मध्ये फादर ब्रायन मॅकी आणि त्यांनी धर्मगुरूंचाच एक संघ उभारला आणि ‘फ्लाइंग फादर्स’ या नावाने गावोगावी धर्मादाय सामने खेळले. त्यांचे खेळणे म्हणजे नियमांचा आनंदी सत्यानाश. पंचांच्या तोंडावर मलईची तबके, धर्मभगिनीचा झगा घालून बर्फावर उतरलेला एखादा धर्मगुरू, आणि गोलमध्ये चक्क घोडा! त्या घोड्याचे नाव त्यांनी ‘प्रायश्चित्त’ ठेवले होते. घोड्याला अडथळा केला तर दंड कोणाला, हे नियमपुस्तकात नव्हते. या हसण्यातून लाखो डॉलर गरजूंसाठी उभे राहिले. कॉस्टेलो वृद्धपणीही खेळत राहिले. बर्फावर पडून डोक्याला मार लागला आणि त्यातच डिसेंबर २००२ मध्ये ते देवाघरी गेले.

खोलीत हसू पसरले होते, ते शेवटच्या वाक्याने थांबले. आजोबांनी उपदेश केला नाही. उलट आमच्या नातवाकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो दोन आठवड्यांत कोणीच विचारला नव्हता. “तू काय पाहिलेस?”

नातू म्हणाला, “मी चकती पाहत होतो. गोलरक्षक माणसाकडे पाहत नाही.” आणि मग, जणू ही अगदी साधी गोष्ट आहे अशा सुरात, “तो आपटायच्या आधी ‘सरक’ असे ओरडला होता. मला वेळ मिळाला नाही.”

‘सरक’ हा शब्द कोणत्याही चित्रफितीत नव्हता. फोन काचेपलीकडे होता, आणि काचेतून प्रतिमा येते, आवाज येत नाही. जावईबुवा बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी पडदा बंद केला. टाळण्याचा वाजवी प्रयत्न म्हणजे काय, हे आम्ही कित्येक शनिवार ऐकत होतो. बारा वर्षांच्या मुलापाशी तेवढ्या क्षणात ओरडण्यापलीकडे आणखी काय असते?

यावरून त्या मुलाचा काहीच दोष नव्हता असे सिद्ध झाले, असे आम्ही म्हणत नाही. तो फार वेगाने आला होता, हेही खरे. मागून धक्का लागला होता की नाही, हे आजतागायत कोणाला सांगता येत नाही. परंतु त्या नियमातील शहाणपण आम्हांला त्या रात्री उमगले. माणसाचे अंतःकरण पाहणारा एकच, आणि तो टोरांटोच्या त्या खोलीत बसत नाही. म्हणून नियमाने माणसांसाठी एक लहानसा, मोजता येण्याजोगा प्रश्न ठेवला आहे. टाळण्याचा प्रयत्न केलास का? तुझ्या मनात काय होते, हे ठरवण्यासाठी संथ चित्रे लागतात आणि तरीही ते ठरत नाही. तू काय केलेस, हे कधी कधी एका शब्दात सापडते. कुटुंबात, गावात, पॅरिशमध्ये आपण नेमके उलट करतो. समोरच्याने काय केले हे विचारण्याआधी त्याच्या मनात काय होते याचा निकाल लावून मोकळे होतो, आणि त्या निकालावर वर्षांनुवर्षे अपील चालू देत नाही. बांधावरून, विहिरीच्या वाटेवरून तुटलेली घरे वसईत आम्हीही पाहिली आहेत. तेथे मूळ धक्का कोणी दिला हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. अबोला मात्र वारसाहक्काने पुढे गेला आहे.

आमच्या मुलीने दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आईला फोन केला. दोषाचा, चित्रफितीचा, धक्क्याचा विषय तिने काढला नाही. “तुमचा मुलगा दुपारी खेळायला येईल का?” एवढेच विचारले. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग त्या बाईंना बोलता येईना. मुलगा कित्येक दिवस रिंकवर जायला तयार नव्हता, असे त्यांनी नंतर सांगितले. त्याला कोणी काही विचारले नव्हते, आणि न विचारता सर्वांनी उत्तर ठरवले होते.

दुपारी तो आला. थंडी कडक होती, पण घरासमोरचा गाडीरस्ता बर्फ ओढून साफ केला होता. नातवाला खेळायला मनाई, म्हणून तो गळ्यात हात बांधलेल्या स्थितीत घडीच्या खुर्चीवर बसला आणि त्याने स्वतःला पंच नेमले. रस्त्यावर निळ्या खडूने अर्धगोल काढण्यात आला. टेनिसचा चेंडू, एक लहान जाळे, शेजारची तीन-चार पोरे. पाचच मिनिटांत त्या मुलाने गोल केला आणि आमच्या पंचांनी तो बाद ठरवला. पाय अंगणात होता म्हणे. मुलगा चिडून म्हणाला, नव्हता. पंच म्हणाले, होता. दोघेही इतक्या मोठ्याने भांडू लागले की आमचे जावईबुवा दारात आले. चार घरांपलीकडून त्या मुलाचे वडीलही लगबगीने येताना दिसले. दोघे बाप खडूच्या रेषेशी वाकून, पायाची खूण दिसते का ते पाहू लागले. खूण नव्हतीच. पण निर्णय लागेपर्यंत दोघांनाही तेथे उभे राहणे भाग होते.

गोल ग्राह्य धरला गेला की नाही, ते आम्हांला आठवत नाही. पुढच्या शनिवारी पहाटे मात्र आमच्या दारासमोर एकच गाडी थांबली. नातू खेळणार नव्हता, तरी तो आपल्या मित्राचा सामना पाहायला निघाला होता.